म्यानाची शिवण

अंबरनाथच्या बुवापाड्यात इराचं छोटंसं वर्कशॉप आहे. नाटकवाले आणि हौशी संग्राहक यांच्यासाठी ती जुन्या धाटणीची म्यानं बनवते. बेलवलीचे हिंदुराव आपल्या घराण्याची तलवार घेऊन आले, तेव्हा तिला ते नेहमीचंच काम वाटलं.

पण तलवार त्यांनी गाडीतच ठेवली. आत आणला तो तिचा लाकडी साचा.

"माप यावर घ्या, ताई. तलवारीला कारागिरानं हात लावायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे."

"का?"

"तिला... चालत नाही."

इराचे पणजोबाही म्यानं शिवायचे. जन्मभर त्यांच्यासमोर आले ते असे साचेच.

"साच्यावर बेतलेलं म्यान सैल बसतं," इरा म्हणाली. "तलवार ठेवून जा. नाहीतर दुसरीकडे बघा."

हिंदुरावांनी नाइलाजाने तलवार ठेवली.

इराने दोन सागवानी पट्ट्यांवर ओलं कातडं ताणून शिवलं, तोंडाशी पितळी पट्टी बसवली, तलवार आत सरकवली आणि ती जेवायला गेली. परतली तर कातडं शिवणीवर उभं उसवलेलं. आतल्या लाकडाला ओरखडाही नव्हता. दाराचं कुलूप जागच्या जागी.

तिने पुन्हा शिवलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी ती शिवून तिथेच बसून राहिली. भर दुपारी लाइट गेली, पंखा थांबला. कातड्याच्या वासात ओल्या लोखंडाचा वास मिसळला. मग शिवणीचा एकेक टाका तुटू लागला... टच... टच...

"कुणाची... तू?" म्यानातून आवाज आला.

इराने तलवार उपसली आणि पात्यावर उघडा तळवा दाबला.

"पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी तुला गंजू दिलं नाही, त्यांची! त्यांच्या म्यानात निजलीस, तेव्हा विचारलंस का? हा बघ माझा हात. आता काय करशील?"

पातं बर्फासारखं गार होतं. तिने हात काढला नाही.

"उसव हवं तेवढं. मी परत शिवीन."

तलवार त्या उसवलेल्या म्यानात सारून ती कुलूप लावून घरी गेली.

सकाळी तलवार न्यायला आलेल्या हिंदुरावांनी म्यान उचललं. "वा! काय बारीक टाके घातलेत!"

इराने ते घातले नव्हते. तिने शिवणीवरून बोट फिरवलं. गाठी आतल्या अंगाला होत्या, कातडं आणि लाकूड यांच्या मध्ये, जिथे कुणाचाच हात पोचत नाही.

शेवटची गाठ तिच्या बोटाखाली हळूच आवळली गेली.