झिपरू आबांची घागर

भुतं नसतात, असं मी आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत छाती ठोकून सांगायचो.

यंदाच्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत.

शप्पथ घेऊन सांगतो, यातलं अक्षरही खोटं नाही. अमावस्या नव्हती, रात्रही नव्हती. भर दुपार होती. भूतसुद्धा छत्री घेऊन निघेल, असलं जळगावचं ऊन.

माझी बायको कामिनी सिरॅमिकचं काम करते. डोंगर बघते आणि मातीत उतरवते. रावेरकडून दिसणारा सातपुडा तिने एका मोठ्या घागरीवर आणला होता. करड्या-हिरव्या रांगा, वर उन्हाचा धूर. भट्टीत बाकी सगळं तडकलं, ही एकच वाचली. पुण्याच्या प्रदर्शनासाठी निवडलीसुद्धा गेली.

"ही तरी नीट पोहोचू दे," कामिनी म्हणायची. "नाहीतर माझं हे शेवटचंच समजा."

मस्करी करत नव्हती.

आखाजीला आम्ही पितरांसाठी नवी घागर भरतो. माझे आजोबा, झिपरू आबा, दिवाळीत वारले. यंदा त्यांची पहिली घागर. मी बाजारातून आणली. कॉलनीच्या गतिरोधकावर स्कूटर उडाली आणि घागरीचा तळ गेला.

पूजा खोळंबली.

कामिनी म्हणाली, "माझी घ्या. पाणीच तर भरायचंय. उद्या पुसून पुण्याला नेऊ."

"अवं, नाव लिसन भरी म्हणजे ती त्यास्नी व्हयनी," आई म्हणाली. "मंग परत लेवानी नही."

"परत घेतली तरी आबा मला काही बोलणार नाहीत हो, आई."

आबांचं नाव घेतलं. घागर काठोकाठ भरली. वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, आंबे ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर...

घागर कोरडी.

खालचा पाटही कोरडा.

"उन्हाने आटलं असेल," मी म्हणालो. मला स्वतःलाच पटलं नाही.

कामिनीने घागर खोक्यात ठेवली. भोवती गवत भरलं. चिकटपट्टी लावली.

आणि आतून आवाज आला...

घट... घट... घट...

मागोमाग कूलर खरखरला. सकाळीच भरलेला, रिकामा. फिल्टर रिकामा. आईच्या हातातला तांब्या रिकामा.

गच्चीवरून शेजारचे लीलाधरभाऊ ओरडले, "हितेंद्र, आमची टाकी कोणी संपवली भो?"

आम्ही खोका गाडीत टाकला आणि पुण्याकडे सुटलो.

पारोळा मागे पडला. धुळं यायचं होतं.

मागच्या सीटवर कुणीतरी खाकरलं...

बोलायच्या आधी आबा असेच खाकरायचे.

"मन्ही घागर कोठे ली चालनी व माय?"

माझा पाय ब्रेकवर गेला. कामिनी मागे जाऊन खोक्याला मिठी मारून बसली.

"आबा, चारच दिवस. माझं सगळं यात आहे हो. परत आणते. खरंच आणते."

परत एक खाकरणं.

मग...

"पानी."

तिने खोका उघडला. रडत रडत बाटल्या ओतत राहिली. दिसेल त्या दुकानावर मी पाणी घेत होतो. एका दुकानदाराने विचारलं, "लगीन शे का भाऊ?"

घागर एकदाही ओली दिसली नाही.

पुण्यात ती स्टँडवर मांडली. पुढे पाटी, 'हात लावू नये'. आबांना वाचता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी आम्ही जळगावहून न्यायला निघणार, तेवढ्यात आयोजकांचा फोन. तुमच्या घागरीला एवढी गर्दी होतेय, प्रदर्शन आठवडाभर वाढवलंय!

"नको! आजच द्या! पाया पडते!" कामिनी किंचाळली.

ते हसले. म्हणाले, कलाकार मंडळी अशीच असतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती, हॉलला कुलूप होतं. आयोजकांनी उघडलं. कुणाचा हात लागला नाही, धक्का लागला नाही, आणि तरीही घागर खाली पडलेली. तुकडे तुकडे.

एवढं पाणी ओतलं होतं तिच्यात. फरशी कोरडी.

तेव्हापासून घरातलं पाणी कमी होत नाही. आई रोज तांब्या भरून ठेवते, दुसऱ्या दिवशी तसाच्या तसा. मला याचीच जास्त भीती वाटते. आबा आहेत कुठे?

कामिनी मातीला हात लावत नाही. काल तिने भट्टी विकली.

न्यायला टेम्पो आला. भट्टी चढवली. टेम्पो दारातच बंद पडला.

ड्रायव्हरने बॉनेट उघडून सांगितलं, पाणी संपलंय.