शेवटचं कोण?

“शेवटचं कोण?”

मी विचारलं आणि बदामाच्या झाडाखालून एक हात वर आला. हातात शेंगदाण्यांची कागदी पुंगळी होती. हातामागे एक हसरा चेहरा होता आणि त्या चेहऱ्यावर, काय सांगू, नको तितका आत्मविश्वास!

“मी होतो,” तो म्हणाला. “आता तू.”

आमच्या हिबारा गावातल्या कॉम्प्युटर क्लबबाहेर कोणी ओळीने उभं राहत नाही. आल्यावर शेवटचं कोण ते विचारायचं, त्याच्यामागे आपला नंबर धरायचा आणि खुशाल सावलीत बसायचं. शहाणी माणसं आणखी एक विचारून ठेवतात – तू कोणाच्या मागे? म्हणजे पुढचा मधेच उठून गेला तरी पंचाईत होत नाही. मी मात्र ते विचारायचं विसरले. शेंगदाणे त्याने पुढे केले होते ना… आणि डोळे इतके काळेभोर होते!

“एवढा मोठा टॅबलेट छातीशी धरून इथे काय करतेस?” त्याने विचारलं. “सगळं गाव तर चौकात वायफायवर बसलंय.”

“याचं वायफाय मेलंय. धुण्याच्या टबात पडला होता. बाकी सगळं चालतं. आणि शनिवारी लग्न आहे…”

त्याचा शेंगदाणा ओठापाशीच थांबला. “तुझं?”

“बहिणीचं. इदानियाचं. तिकडे परदेशात, मोंतेविदेओला.”

“मग ठीक आहे,” तो म्हणाला आणि शेंगदाणा तोंडात गेला.

मी हसू दाबत त्याला सगळं सांगितलं. माझी आई शिवणकाम करते. चार वर्षं न पाहिलेल्या लेकीचा लग्नाचा झगा तिने फोनवर मापं विचारून शिवला आणि एका प्रवाशाच्या हाती पाठवला. आता तिला एकच ध्यास होता, तो झगा अंगावर कसा बसलाय ते बघायचा. शेजारणीच्या फोनवर इदानिया चण्याएवढी दिसायची, तेही थांबत, अडखळत. चण्याला शिवण कशी दिसणार?

“आतल्या कॉम्प्युटरला नेट आहे, पण कॅमेरा नाही,” तो म्हणाला. “तुझ्या टॅबलेटला कॅमेरा आहे, पण नेट नाही. एका केबलने दोघांची गाठ घालून देऊ की!”

“कॉम्प्युटरचं नेट टॅबलेटला? उलटं?”

“एरवी टॅबलेट देतो, कॉम्प्युटर घेतो. यावेळी कॉम्प्युटर देईल.” मग खाली बघत म्हणाला, “मी रेनियेल. पंखे दुरुस्त करतो, पण माणसांच्याही उपयोगी पडतो.”

“मी मायेलीन. आणि मी अजून काही बिघडलेले नाही.”

“बघू,” तो म्हणाला. मेला!

गुरुवारी आम्ही करून पाहिलं. त्याने दोन्हीकडे कसलासा छोटा प्रोग्राम घातला, स्वतःची केबल जोडली आणि मला सगळं माझ्याच हाताने करायला लावलं. टॅबलेटवर पान उघडलं तेव्हा मी आनंदाने त्याचं मनगट धरलं. सोडायला जरा उशीरच झाला. त्यानेही काही घाई केली नाही.

शनिवारी आई ठेवणीतला झगा घालून आली. मनगटावर टाचण्यांची गादी तशीच राहिली होती. मी केसांत फूल माळलं होतं, कोणासाठी ते विचारू नका. रेनियेल आधीच रांगेत होता, त्याच्यामागे मी. आमची वेळ जवळ आली तसा त्याने खिशात हात घातला आणि त्याचा चेहराच पडला.

“केबल… दुसऱ्या पँटमध्ये. तुझ्याकडे आहे?”

मी दाखवली. त्याने मान हलवली. “हिच्यातून नुसतं चार्जिंग होतं. आलोच!”

आणि कोणाला काही न सांगता तो पळाला.

“तुझ्या पुढे कोण होतं पोरी?” केसांत रोलर लावलेल्या फेलिसियामावशींनी विचारलं. आमच्या रांगेचं कोर्ट म्हणजे त्याच.

“रेनियेल.”

“तो कुठाय? आणि तो कोणाच्या मागे होता?”

ते तर मी विचारलंच नव्हतं!

“मग तुझा नंबर हवेत लटकला, राणी. शेवटी जा.”

शेवटी गेलं तर लग्न उरकूनच जाणार होतं. आई गादीतल्या टाचण्या काढत-खोचत राहिली. मला रडूच कोसळलं. रडता रडता रेनियेलला मी काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात तो आला. घामाने निथळत, गळ्यात केबल.

“मावशी! मी त्या मासेवाल्या काकांच्या मागे होतो. माझ्यामागे ही. काकांना विचारा हवं तर.”

काकांनी मान डोलावली. मावशींनी भुवया उडवल्या. “न सांगता गेलास, तुझी पाळी गेली. हिची आहे. तू शेवटी.”

“मान्य.” त्याने केबल माझ्या हातात कोंबली. “जा. तुला येतं सगळं.”

आत जाऊन बसले. केबल जोडली. काहीच नाही. आता? खिडकीच्या फळ्यांमधून आवाज आला, “टॅबलेट विचारतोय बघ. हो म्हण त्याला!”

मी हो म्हटलं.

आणि इदानिया आली… पूर्ण, झग्यासकट! आईने चष्मा लावला. पडद्याला नाक लागेल इतकी ती पुढे झुकली.

“आई, रडतेस?” तिकडून इदानिया म्हणाली.

“छट्. शिवण बघतेय,” आई रडत म्हणाली. “डावा खांदा उतरलाय. बारीक झालीस तू. एक टाचणी लाव तिथे, आतून.”

इदानियाने टाचणी मागवली, लावली. आईने बोट पडद्यावर, त्या खांद्यावर ठेवलं आणि लग्न लागेपर्यंत काढलं नाही.

“मायेलीन, तुझ्यामागे खिडकीत कोण गं?” इदानियाने विचारलं.

“पंखेवाला,” मी म्हणाले. माझे कान गरम झाले होते.

बाहेर आले तेव्हा तो बदामाखालीच होता. आता मी मुद्दाम विचारलं, “शेवटचं कोण?”

त्याने हात वर केला.

“आणि तुझं आत काय काम आहे? मंगळवारपासून बघतेय, स्वतःच्या कामाला एकदाही गेला नाहीस.”

तो पुंगळीशी चाळा करत राहिला. “काही काम नाही. मंगळवारी तू रस्त्याने येताना दिसलीस… टॅबलेट धरून. म्हटलं, रांगेत शेवटी उभं राहावं. म्हणजे तुला माझ्याशी बोलावंच लागेल.”

आई शेजारीच उभी होती आणि हसू येतंय हे लपवायला टाचण्या मोजत होती. मी त्याच्याजवळ जाऊन बसले, त्याच्या हातातला शेंगदाणा घेतला आणि हात मात्र सोडला नाही.

इतक्यात एक बाई लगबगीने आल्या. “शेवटचं कोण?”

“मी,” मी दुसरा हात वर केला. “याच्या मागे.”

माझंही आत काहीच काम नव्हतं.