पाव्लाबाईंच्या फळीवरचे बूट

त्रिएस्तेला खरेदीला जाताना पायांत घरातले सगळ्यात टाकाऊ बूट घालायचे, हा आमच्या रियेकातला रिवाज. सीमेपलीकडे नवे घ्यायचे, दुकानातच पायांत चढवायचे आणि जुने तिथेच सोडून यायचे. परतताना नाक्यावर कस्टमवाल्याने विचारलं की साळसूदपणे सांगायचं, "छे हो, हे तर घालूनच गेले होते." त्यालाही सगळं ठाऊक असायचं. त्याच्या बायकोचे बूटही तसेच आलेले असायचे. तरी तो बसमध्ये शिरला की कुणाच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत चालायचा.

मी जहाजांच्या कारखान्यात मापं तपासते. माझ्या हातून केसाएवढी चूक सुटत नाही असं वरचे साहेब म्हणतात, आणि बाई तुसडी आहे असं बाकीचे म्हणतात. दोन्ही खरं आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं मी मोजून पाहिलेलं आहे.

आई आणि मी दर दोन-तीन महिन्यांनी जायचो. कॉफी, धुण्याची पावडर, माझ्यासाठी जीन्स. कर चुकवायला एकदा मी एकावर एक तीन जीन्स चढवल्या, तर बसमध्ये गुडघे वाकेनात. "उभीच राहू दे तिला, पुतळा म्हणून चौकात बसवू," असं म्हणत आईने सगळ्या बसला रियेकापर्यंत हसवलं होतं.

गेल्या मार्चमध्ये मी तिला बळेच तपकिरी बूट घ्यायला लावले. तिचे काळे बूट बारा वर्षांचे होते, अंगठ्याच्या हाडापाशी फुगलेले. नवे घालून ती दुकानात चार पावलं चालली आणि म्हणाली, "चावतात गं, नेवेंका." मी म्हटलं, चार दिवस चावतील, मग सैल होतील, लोकांत लाज आणू नकोस. हे माझेच शब्द. दुकानाच्या मालकीण पाव्लाबाई तिकडच्याच स्लोव्हेन, भाषा आमच्या जवळची, म्हणून त्यांना आमचं बोलणं कळायचं. आईने जुने बूट गुपचूप त्यांच्या हातात दिले. परतताना बसमध्ये मला म्हणाली, "ठेवायला सांगितलेत मी. येऊन घेऊन जाईन." मी तिच्यावर डाफरले.

दहाव्या दिवशी आई गेली. सकाळी कॉफी करताना खाली बसली ती उठलीच नाही. घरात दुसरे धड बूट नव्हते, तेव्हा तपकिरी बूट घालूनच तिला पुरलं. पायांत चढवताना डाव्या बुटाची नाडी तुटली. घाईघाईत मी कारखान्यातली हिरवी सुतळी ओवली आणि आमच्याकडची दुहेरी गाठ मारली. शेजारच्या द्रागित्सामावशी आईचा पाय धरून बसल्या होत्या. मेलेल्या माणसाला बूट चावत नाहीत, एवढं मला कळतं. तरी आठ महिने मला त्याच एका गोष्टीने झोप लागू दिली नाही.

एकोणतीस नोव्हेंबरला प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. त्या दिवशी अर्धं शहर सीमेपलीकडे लोटतं. "माणूस गेलं म्हणून कॉफी सुटत नाही, ऊठ," असं म्हणत द्रागित्सामावशींनी मला बसमध्ये कोंबलं. मी गेले ते कॉफीसाठी नाही. पाव्लाबाईंकडे आईचे जुने बूट अजून असले, तर ते आणून तिच्या कबरीपाशी पुरायचे, एवढंच माझ्या मनात होतं. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते.

बस खच्चून भरली. फक्त माझ्या शेजारची खिडकीची जागा रिकामी राहिली. सवयीने मी कडेला बसले होते. आईला बस लागायची, म्हणून खिडकी नेहमी तिची. दोन बायका आल्या, जागेकडे पाहून "अगंबाई, बसलंय वाटतं कुणी," असं पुटपुटत मागे जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, माझ्या पिशवीमुळे त्यांचा गैरसमज झाला. पिशवी माझ्या मांडीवर होती.

त्रिएस्तेत बोरा सुटला होता. हा वारा सुटला की कालव्याकाठच्या बाजारात तंबूंचे दोर एकसारखे वाजत राहतात आणि बायका एका हाताने डोक्यावरचा रुमाल धरून दुसऱ्या हाताने घासाघीस करतात. मी आधी कॉफीवाल्याकडे गेले. कच्ची बी तळहातांत चोळून वास घेतल्याशिवाय आई कधी कॉफी घेत नसे. म्हातारा पिशवी भरता भरता त्याच्या मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला, "आई मघाशीच वास घेऊन गेली. आज फार घाईत."

शंभर गिऱ्हाइकांत माणसाची गल्लत होते, असं मी स्वतःला सांगितलं. फळकुटावर दोन बिया वेगळ्या पडल्या होत्या. सालं निघालेल्या, चोळलेल्या.

पाव्लाबाईंच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी जुन्या बुटांचा ढीग पडला होता, नेहमीसारखा. मी गर्दीतून वाट काढत पुढे झाले आणि विचारलं, मार्चमध्ये आईने ठेवायला दिलेले काळे बूट आहेत का.

"ते तर ती सकाळीच घेऊन गेली की," पाव्लाबाई म्हणाल्या.

"कोण?"

"कोण म्हणजे? तुमची आई, तोन्काबाई. मी दुकान उघडायच्या आधीपासून बाहेर उभी होती, एवढ्या वाऱ्यात. चालत आले म्हणाली. जरा टेका म्हटलं, तर ऐकेना. मुलीची बस यायच्या आत आवरते म्हणाली." त्यांनी मागच्या फळीकडे बोट दाखवलं. "हे ठेवून गेली बघा."

फळीवर तपकिरी बूट होते.

मी ते हातांत घेतले. शिवणींत लाल माती बसली होती. त्रिएस्तेचे रस्ते फरसबंदीचे आहेत. लाल माती आमच्या दफनभूमीतली.

डाव्या बुटात हिरवी सुतळी होती. दुहेरी गाठ, माझ्या हातची.

माझ्या पर्समध्ये पोलादी पट्टी असतेच. मी टाच मोजली. बाहेरच्या बाजूने चार मिलिमीटर झिजलेली. आईचा भार तिथेच पडायचा. हे बूट तिने फक्त दहा दिवस वापरले होते, तेही घरातल्या घरात. रियेकाहून त्रिएस्ते सत्तरच्या वर किलोमीटर आहे.

"तुमच्यासाठी निरोप आहे," पाव्लाबाई दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पाय मोजता मोजता म्हणाल्या. "पोरीने मायेनेच घेतले होते म्हणाली. माप तेवढं चुकलं."

आई मार्चमध्येच गेली, हे मी त्यांना सांगितलं नाही. मला भीती वाटायला हवी होती. मला आठ महिन्यांत पहिल्यांदा हायसं वाटलं, आणि बायकांच्या त्या धक्काबुक्कीत उभी राहून मी रडले. "तुमचे फार उपकार झाले, पाव्लाबाई," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, जुने बूट सांभाळले त्यात कसले उपकार.

परतीच्या बसमध्ये द्रागित्सामावशींनी माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं. हिरवी सुतळी दिसली तशी त्यांनी क्रुसाची खूण केली आणि पिशवीचं तोंड मिटून घेतलं.

खिडकीची जागा येतानाही रिकामी होती. माणसं उभी होती, तरी कुणी बसलं नाही.

नाक्यावर कस्टमवाला चढला. पायांकडे बघत येऊ लागला. पुढच्या बाकावरच्या बाईने ठरलेलं उत्तर दिलं, घालूनच गेले होते. "हो, तळव्याला किमतीची चिठ्ठी लावून," तो म्हणाला आणि पुढे सरकला. चार जण हसले.

माझ्या पिशवीतले बूट त्याने बाहेर काढले, उलटे करून पाहिले.

"एवढे झिजलेले परत कशाला नेताय?"

"आईचे आहेत."

त्याने मान हलवली आणि ते नीट पिशवीत ठेवले. मग माझ्या पायांकडे पाहिलं. मग माझ्या शेजारी, खिडकीच्या जागेखाली. तिथे तो जरा जास्त वेळ बघत राहिला.

त्याने टोपीला हात लावला.

"एवढ्या बसमध्ये आजी तेवढ्या स्वतःच्या जुन्या बुटांत घरी निघाल्यात," तो म्हणाला. "जरा सरकून बसा, ताई. पाय आखडलेत त्यांचे."

मी खाली पाहिलं नाही. पाय उचलून कडेला घेतले आणि तिला जागा करून दिली.