वाटाघाटीचं घर

जुन्या वस्तूंच्या दुकानात तिने सोंगट्यांच्या एका जुन्या पटाचं एक टोक धरलं, तेव्हा दुसरं टोक कुणीतरी आधीच धरलेलं होतं.

"सोडा. फाटेल," ती म्हणाली.

"म्हणूनच तर... तुम्ही सोडा."

पट देशाच्या इतिहासाचा होता – मुलांना खेळता खेळता सनावळ्या पाठ व्हाव्यात म्हणून आजीच्या काळी छापलेला. असे जुने पट ती जमवायची. नेमका हाच तिच्याकडे नव्हता. त्याच्याकडेही नव्हता. तो पुस्तकं बांधणारा, बोटांना खळीचा वास. ती वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली. दोघंही हटेनात, तेव्हा दुकानदार वैतागला.

"निम्मे निम्मे पैसे द्या आणि बाहेर जाऊन भांडा!"

बाहेर ठरलं ते असं – याच पटावर एक डाव खेळायचा. जिंकेल त्याचा पट. हरेल त्याने पुन्हा नाव काढायचं नाही. पटासोबतच्या पेटीत सोंगट्या होत्या, पण फासा नव्हता. "मी आणतो," तो म्हणाला.

दर रविवारी त्याच्या घरी, बांधणीच्या टेबलावर डाव मांडला जाऊ लागला. दुष्काळाच्या घरात ती दोन घरं मागे आली, पहिल्या छापखान्याने तो चार घरं पुढे गेला. खेळ कमी, बोलणंच जास्त. त्याची आई चहा ठेवून जाताना विचारायची, "काय रे, मिळालं का स्वातंत्र्य?"

"नाही ना, आई. वाटाघाटी चालू आहेत."

चालूच होत्या. दोघांच्या सोंगट्या शेवटून दुसऱ्या घरात, 'वाटाघाटी'त, एकमेकींना टेकून उभ्या होत्या. पुढचं घर स्वातंत्र्याचं. तिथे जायला एकच पडायला हवा... आणि एक काही पडत नव्हता.

"तराजूबाई, तुमचं नशीबच खोटं," तो हसला.

"तुमचं कुठे खरं आहे?"

तिने फासा टाकला. तीन. तो उचलून तिने बोटांत सावकाश फिरवला.

"फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात होते," ती म्हणाली. "सहासमोर एक हवा. इथे सहासमोर... तीन आहे."

त्याचे कान लाल झाले.

"मधल्या टिंबाच्या दोन्ही बाजूंना टोच्याने एकेक टिंब. वर शाई. काम सुबक आहे."

"हं..."

"पण या फाशाने तुम्हीही जिंकणार नव्हता."

"माहीत होतं." तो सोंगट्यांकडे बघत राहिला. "डाव संपला की पट एकाच्या घरी जाणार. आणि तुम्ही यायच्या थांबणार... मला नकोय स्वातंत्र्य."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

"रागावलात?"

"रागवायचं असतं तर मागच्याच्या मागच्या रविवारी रागावले असते."

"म्हणजे... तुम्हाला तेव्हाच –"

"दिवसभर मापंच तपासते मी."

"मग आता पट कुणाचा?"

"अरे, एकाच घरात राहू दे की दोघांचा!" आतून आई ओरडली. "एवढं शिकलात, पण हे सुचेना होय?"

तिला हसू आवरेना. फासा तिने त्याच्या तळहातावर ठेवला, पण बोटं मागे घेतली नाहीत.

"टाका. तुमची पाळी."

"एक पडणार नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली.