अकरावी क्लिप

"पाय सोड."

पहिल्या भेटीतलं त्याचं पहिलं वाक्य हे. कॉलेजच्या कॅमेरा-खोलीत एकच स्टँड शिल्लक होता. त्याच्या तीन पायांपैकी एक माझ्या हातात आणि दोन त्याच्या.

"तूच सोड की."

"माझ्याकडे दोन आहेत. बहुमत माझं."

आमची ओढाताण ऐकून सर आत आले. म्हणाले, "दोघांचा एवढा जीव आहे ना त्या स्टँडवर, मग फिल्म एकत्रच करा. ही कॅमेरा सांभाळेल, तू एडिटिंग."

वर्गात त्याला सगळे कात्री म्हणायचे, कारण कुणाचाही लाडका शॉट तो डोळ्यांची पापणी न लववता कापायचा. माझे सरावाचे शॉट बघून त्यानं माझंही बारसं उरकलं... भूकंप. माझे हात कापायचे ना.

"कोपर बरगड्यांना चिकटव," तो शिकवायचा. "श्वास सोड — आणि मग बटण दाब."

श्वास सोड म्हणे! तो इतका जवळ उभा असायचा की घेतलेला श्वास कुठे सोडावा हेच मला कळायचं नाही.

फिल्मचा विषय माझा होता. माझी आई. ती बस चालवायची, एकतीस वर्षं. त्या शुक्रवारी तिची शेवटची फेरी होती आणि डेपोनं फक्त एकाच माणसाला शूटिंगची परवानगी दिली होती. म्हणजे मी एकटी. पुन्हा शूट करायची सोय नाही. आई काही दोनदा निवृत्त होणार नव्हती.

त्या सकाळी मी बॅटरी तिसऱ्यांदा तपासली. कात्रीनं कॅमेरा हातात दिला. "लाल ठिपका दिसला की चालू. नाही दिसला की बंद. सोपं आहे."

"आणि चुकलं तर?"

"नाही चुकणार," तो म्हणाला. पण म्हणताना त्यानं माझ्याकडे नाही, कॅमेऱ्याच्या पट्ट्याकडे पाहिलं. मग तो पट्टा माझ्या मनगटाभोवती दोन वेळा गुंडाळला, जरा जास्तच सावकाश.

बसमध्ये स्क्रीनवर ऊन पडत होतं, ठिपकाबिपका काही दिसेना. बस चालू झाली की मी बटण दाबायची, थांबली की पुन्हा दाबायची. आई पाठ ताठ करून, पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखी बस चालवत होती. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. तिनं इंजिन बंद केलं. मीही बटण दाबलं, तिच्या शेजारी जाऊन टेकले आणि कॅमेरा मांडीवर ठेवला, भिंग तिच्याच बाजूला.

"झालं बाई एकदाचं," ती म्हणाली. तिनं स्टीअरिंगवरून हात फिरवला. बराच वेळ गप्प बसली. "उद्या पहाटे उठून मी करू काय गं? सवयीनं जाग येणार... आणि जायचं कुठेच नाही."

मी तिच्या खांद्याला डोकं टेकलं. थोड्या वेळानं तिनंच विषय बदलला.

"तो कात्री का कोण, तो नाही आला ते?"

"एकालाच परवानगी होती. आणि आला नाही तेच बरं. तो शेजारी असला की माझे हात जास्त कापतात."

"भीतीनं?"

"भीतीनंच... पण ही भीती जायला नको असं वाटतं, आई."

आई खो खो हसली. मी लाजून कॅमेरा बॅगेत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "एडिटिंगच्या खोलीत ये. गडबड झाली आहे."

मी जिना धावत चढले. त्यानं पहिली क्लिप लावली. माझा बूट. बसची जमीन. दुसरीत बसचं छत. तिसरीत आईचा अर्धा कान, बाटलीतून पाणी पिण्याचा आवाज.

"सुरुवातीलाच तू बटण दोनदा दाबलं असणार," तो हळू आवाजात म्हणाला. "मग सगळं उलटं झालं. बस चालू असताना कॅमेरा बंद... आणि तुला बंद वाटत होता तेव्हा चालू."

आईचा शेवटचा दिवस मी घालवला होता. तीन दिवसांत फिल्म द्यायची होती. डोळे भरून आले — आणि त्याच क्षणी त्याचं वाक्य पुन्हा आठवलं. बंद वाटत होता तेव्हा चालू? म्हणजे...

"किती क्लिप आहेत?"

"अकरा."

"तू किती ऐकल्यास?"

"नऊ. खरं सांगू? थांब्याथांब्यावर गप्पा मारणारी तुझी आई या नऊमध्ये जशी दिसते, तशी ती स्वतःहून कॅमेऱ्यासमोर कधीच दिसली नसती. यातून फिल्म होईल. फक्त शेवट हवा."

शेवट अकरावीतच होता. आईचा हात, ती शांतता, तो प्रश्न. आणि त्याला लागूनच माझं ते बोलणं. मला म्हणता आलं असतं, अकरावी खराब आहे, पुसून टाक. बोटाच्या एका टिचकीचं काम. पण मग आईचा तो प्रश्नही पुसला गेला असता.

"अकरावी लाव," मी म्हणाले. "पूर्ण ऐक."

त्यानं हेडफोन चढवला. मी पळाले नाही... खुर्चीचा हात घट्ट धरून पडद्यावरची सरकणारी रेघ बघत राहिले. आईचा प्रश्न आला तेव्हा त्यानं ओठ दाबले. रेघ पुढे सरकली. मग त्याचे कान लाल झाले. क्लिप संपली तरी त्याचे डोळे पडद्यावरच होते.

"बोल ना काहीतरी," मी म्हणाले. "कापायचं तर काप."

त्यानं हेडफोन काढला. "तुझे सरावाचे शॉट... हललेले... मी नीट करून देतो ना?"

"हो. त्याचं काय?"

"कॉम्प्युटर ते एका क्लिकमध्ये करतो. मी हातानं करायचो. एकेक फ्रेम."

"का पण?"

"तेवढा वेळ तू शेजारी बसायचीस."

मी माझी खुर्ची त्याच्या खुर्चीजवळ ओढली. पुढचे तीन दिवस ती तिथेच राहिली.

फिल्म दाखवली त्या दुपारी आई पहिल्या रांगेत, आम्हा दोघांच्या मधे बसली होती. पडद्यावर रिकामी बस, स्टीअरिंगवरचा तिचा हात, "जायचं कुठेच नाही"... आणि अंधार. टाळ्या वाजल्या. सरांनी डोळे पुसले. आईनंही पुसले, मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं, "पुढचं का कापलं? पुढे तर ही केवढं बोलली होती!"

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

"काकू," कात्री तिच्याकडे झुकून म्हणाला, "पुढचं मी माझ्याकडे ठेवून घेतलं."

आईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आरशात मागची गाडी बघावी तसं. मग पर्स उचलत म्हणाली, "घरी ये जेवायला. कुठलाही वार चालेल, मला आता रोजच सुट्टी आहे."