टपावरचा पाऊस

ऑरिन आणि व्हर्ना होल्टे यांच्या घरगाडीच्या टपावर रबराचं पातळ आवरण होतं, आणि ते आता पार थकलं होतं. हात फिरवला की तळव्याला खडूसारखी भुकटी लागायची. झरोक्यांभोवती भरलेली लांबी सुकून तडकली होती, आणि एका सांध्यापाशी पाय दिला की खालची फळी किंचित दबायची. नॉर्थ डकोटातलं घर त्यांनी विकून टाकलं होतं. आता जे काय होतं ते हे चाकांवरचं. त्यात पाणी शिरलं तर जायला दुसरं छप्पर नव्हतं.

दर हिवाळ्यात बर्फ मागे टाकून दोघं ॲरिझोनात येत आणि क्वार्टझसाइटच्या बाहेर, काटेरी झुडपांच्या मोकळ्या माळावर मुक्काम टाकत. आजूबाजूला अशीच पिकल्या केसांची मंडळी, सकाळी खुर्च्या टाकून कॉफी, संध्याकाळी शेकोटी. त्या साली व्हर्नाने ठरवलं होतं, टप धुऊन, खरवडून, नवा लेप देऊनच उत्तरेला परतायचं. तिने सगळी उमर शाळेची बस चालवली होती. एकदा ठरवलं की वेळ पाळायची तिची सवय.

ऑरिनची उमर धान्याच्या कोठारात, यंत्रांच्या घरघरीत गेली होती आणि त्यात त्याचे कान गेले होते. कानात घालायची यंत्रं त्याने कधीच खणात टाकून दिली होती. त्याच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, ओठ दिसतील असं. तो हसतमुख होता, पण चारचौघांत बसला की हळूहळू मागे सरकायचा आणि शेवटी उठून आत जायचा.

खरवडायच्या पहिल्याच दुपारी व्हर्ना घाम पुसत खाली उतरली, तर ऑरिन पलंगावर उताणा पडून छताकडे बघत होता. चेहरा असा खुलला होता की ती दारातच थांबली.

"पाऊस पडतोय," तो म्हणाला.

बाहेर ऊन रणरणत होतं. व्हर्नाने पडदा सारून दाखवला. ऑरिनने मान डोलावली, ऊन त्यालाही दिसत होतं. पण पाऊस पडत होता. आधी पुढच्या काचेपाशी लागला, म्हणाला, मग शेतावरून सर यावी तसा मागे सरकला, आणि आता बरोबर आपल्या डोक्यावर आहे.

कान गेलेल्यांना कसकसले आवाज येतात हे व्हर्नाने डॉक्टरांकडून ऐकलं होतं. तिने छतावर आतून चमचा वाजवून बघितला. तो त्याला ऐकू आला नाही. पाऊस तेवढा येत होता.

मग तो रोजच येऊ लागला. जेवणं झाली की ऑरिन आत जायचा, आणि बाहेर यायचा तो ताजातवाना, बोलका. इतक्या वर्षांत न सांगितलेल्या गोष्टी सांगायचा. बापाच्या कोठीच्या पत्र्यावर पाऊस कसा वाजायचा, गाई कशा गप्प व्हायच्या. शेजारच्या गाडीत डेल्फीन नावाची क्वेबेकची बाई एकटी राहायची, सोबतीला एक कुत्रा. तिला हे कळल्यावर ती रोज विचारायची, आज किती पडला? ऑरिन तिचे ओठ वाचून बोटांनी उंची दाखवायचा आणि दोघं हसायची. संध्याकाळी तो शेकोटीपाशी शेवटपर्यंत बसू लागला.

एका दुपारी व्हर्ना त्याला न सांगता टपावर चढली. पायांत नुसते मोजे, रबराला ओरखडा नको म्हणून. सगळीकडे कोरडं ठणठणीत होतं, चटका बसेल इतकं तापलेलं. ती स्वयंपाकाच्या भागावर जरा उभी राहिली, पुढे पंख्याच्या झरोक्यापर्यंत गेली, मग मागच्या शिडीने उतरली. तोंडावर पाणी मारून कांदा चिरायला बसली.

थोड्या वेळाने ऑरिन आतून आला.

"आज गंमत झाली," तो म्हणाला. "ओट्याच्या वर एवढीशी जागा कोरडी राहिली. तिथे पडतच नव्हता. आणि ती जागा हलली, व्हर्ना. पंख्याकडे गेली, मग मागे शिडीपर्यंत."

व्हर्ना कांदा चिरत राहिली. आपण वर गेलो होतो हे तिने त्याला सांगितलं नाही.

लेपाचा डबा उघडायची वेळ आली तेव्हा ऑरिन आडवा आला. नको देऊ, म्हणाला. वर जाड थर बसला आणि तो थांबला तर? व्हर्नाने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, ओठ नीट दिसावेत म्हणून.

"जो पडत नाही तो पाऊस तू जपतोयस," ती म्हणाली. "जो पडणार आहे तो आपल्याला बुडवेल, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रोलरला लांब दांडा त्यानेच बसवून दिला.

ते काम म्हणजे सणच झाला. टप साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवला होता, उघडा सांधा पट्टी चिकटवून बंद केला होता, झरोक्यांभोवती नवी लांबी भरली होती. वारा पडलेला बघून तिघं वर चढली. डेल्फीनने आपल्या भाषेत गाणं लावलं, ऑरिनने तिच्या मानेची लय बघून रोलर ओढला. पुढून सुरुवात करून शिडीकडे मागे मागे सरकत, ओलं पांढरं पुढे ठेवत ते आले. व्हर्नाच्या नाकाला लेप लागला, तो डेल्फीनने पुसायच्या नावाखाली गालभर पसरवला. पहिला हात वाळल्यावर दुसरा दिला. टप दुधासारखा दिसू लागला.

त्या दुपारी पाऊस आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ऑरिन पडून राहायचा आणि उठून भांडी घासायचा. व्हर्ना त्याच्याकडे बघायचं टाळायची. आपण टप वाचवला आणि त्याचं सुख गाडलं, असं तिच्या मनाने घेतलं.

मग एका दुपारी तो धावतच बाहेर आला, तिचा हात धरून तिला आत ओढून नेलं. आला होता. पूर्वीपेक्षा दाट, म्हणाला, पानांवर पडल्यासारखा मऊ. व्हर्नाला काहीच ऐकू येत नव्हतं, पण तिला इतका आनंद झाला की ती तशीच त्याच्या शेजारी आडवी झाली. फ्रिज गुरगुरत होता. बाहेर डेल्फीनचा कुत्रा भुंकत होता. तिने डोळे मिटले.

पुढच्या काचेपाशी टप् झालं.

पाल असेल, तिला वाटलं. पुन्हा टप्. मग दोन, मग मोजता येईनात. सर ओट्याच्या वर आली, पंख्यावर ताडताड वाजली, आणि अलगद त्यांच्या डोक्यावर येऊन स्थिरावली. असा पाऊस तिने लहानपणानंतर ऐकला नव्हता. ती हसू लागली, हसता हसता तिचे डोळे भरून आले.

ऑरिन कुशीवर वळला तशी तिने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. "ऐकू येतोय?"

तिने जोरजोरात मान डोलावली. त्याने तिचा तळवा आपल्या छातीवर ठेवला आणि तिने पुन्हा डोळे मिटले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. अंगावर सावली पडली म्हणून तिने डोळे उघडले.

खिडकीबाहेर लख्ख उन्हात डेल्फीन उभी होती. एका हातात केकचं ताट, दुसऱ्या हाताने ती काचेवर थापा मारत होती. काच चौकटीत हलत होती. कुत्रा उड्या मारत होता, जबडा उघडत होता, मिटत होता. डेल्फीन तिचं नाव घेत होती. तोंडाच्या आकारावरून ते समजत होतं.

पावसाखेरीज दुसरा आवाज नव्हता.

व्हर्नाने ऑरिनकडे बघितलं. मघाचा त्याचा प्रश्नही तिने ओठांवरूनच वाचला होता.