चार पावलं आणि टेका

त्या वर्षी मिरजेत निदान दोनशे माणसं दुसऱ्याच्या चालीनं चालत होती, आणि त्याचं कुणाला नवल उरलं नव्हतं. संस्कृतच्या एक निवृत्त बाई तालमीतल्या गड्यासारखी छाती काढून भाजी आणायला जायच्या. एक वकील डोक्यावर भारा असल्यासारखी मान ताठ धरून कोर्टाच्या पायऱ्या चढायचे. लोक हसायचे, पण जपून हसायचे. उद्या आपलाच खुबा मोडला तर आपल्या वाट्याला कुणाची चाल येईल, काय सांगावं?

हे सगळं स्मृतिकलमामुळे झालं होतं. हाड म्हणजे काही दगड नव्हे. ते जिवंत असतं आणि त्याला सवयी लागतात. जिथं रोज भार पडतो तिथं ते जाड होतं, जिथं पडत नाही तिथं विरळ. हमालाचं हाड कोणतं आणि कारकुनाचं कोणतं, हे सूक्ष्मदर्शकाखाली शिकाऊ डॉक्टरही ओळखेल. भाराची ही आठवण हाडातल्या पेशी जन्मभर धरून ठेवतात. मरणोत्तर दान केलेल्या हाडातल्या अशा पेशी मोडलेल्या खुब्यात रुजवल्या, की नव्या हाडाला कुठं जाड व्हायचं ते शोधत बसावं लागत नाही. पट्टी आणि स्क्रू लावून जिथं सहा महिने जायचे, तिथं म्हातारं माणूस तीन आठवड्यांत उभं राहायचं. फक्त चालायला लागलं की दात्यासारखं चालायचं, एवढंच.

‘एवढंच’ हा शब्द डॉक्टर हर्षदा मुळीक यांचा. त्यांच्या संशोधन केंद्रात त्यावर चाचणी चालू होती. परक्या चालीमुळे काहींचे गुडघे झिजतात असा संशय होता. उपाय म्हणून त्यांनी विसरपट्टा काढला होता. मांडीला बांधायचा, रोज तासभर बारीक थरथरणारा हा पट्टा हाडाला दात्याची चाल विसरायला लावायचा, मग पेशंटची स्वतःची चाल हळूहळू परत यायची. पण त्यानं नवं हाड ठिसूळ होण्याचीही भीती होती. म्हणून दोन गट केले. एकाला पट्टा, दुसऱ्याला तसंच सोडायचं. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं.

दर दोन महिन्यांनी पेशंटला चालवून बघायचं काम उज्ज्वला घोरपडे यांच्याकडे होतं. हाडांच्या वॉर्डात आया म्हणून त्यांची तीस वर्षं गेली होती.

“यंत्रं आहेत की एवढी, मला कशाला बसवता?” त्यांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारलं होतं.

“पाय किती जोरात पडला ते यंत्र सांगतं. चाल खटकते का, ते माणसालाच कळतं. तुम्ही पाहिलीत तेवढी लंगडणारी माणसं मीही पाहिलेली नाहीत.”

“आणि हा पडदा?”

“तोंड दिसलं की दया येते. दया आली की मार्क चुकतात.”

पडदा गुडघ्यापर्यंत लोंबायचा. उज्ज्वलाताईंना फक्त पावलं दिसायची. पेशंट कुठल्या गटातला, दाता कोण, काही ठाऊक नसायचं. हिरवी खूण केली की उपाय आहे तसा चालू राहायचा, लाल केली की बदलायचा, म्हणजे पट्टा असेल तर काढायचा, नसेल तर बांधायचा. बोलायचं नाही, म्हणून टेबलावर एक घंटी होती. डॉक्टरांनी सूचनांचा अख्खा कागद तयार केला होता; तो वाचून उज्ज्वलाताई हसल्या होत्या.

“एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एसटीची अख्खी गाडी एवढ्यावर चालते डॉक्टर.”

त्यांचे यजमान विलास घोरपडे एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. डोळे आणि हाडं देण्याच्या कागदावर उज्ज्वलाताईंनी स्वतःच सही केली होती.

फेब्रुवारीत सत्तेचाळीस नंबरची पेशंट आली. बाईमाणसाची पावलं, भेगाळलेल्या टाचा, जोडवी, घोट्याजवळ गोंदणाचा हिरवा ठिपका. उज्ज्वलाताईंनी दोन घंट्या दिल्या. पावलं निघाली. एक, दोन, तीन, चार. मग डाव्या टाचेवर सगळा भार, आणि क्षणभर थांबणं.

त्यांचा हात घंटीवरच राहिला.

धावत्या गाडीत तिकिटं फाडणारा माणूस चार पावलं टाकतो आणि कंबर सीटला टेकवून तोल सावरतो. घोरपडे घरीही तसेच चालायचे. बोळातून चार पावलं आणि टेका, चार पावलं आणि टेका, असा आवाज आला की उज्ज्वलाताई चहाचं आधण ठेवायच्या. “घरात तरी गाडी थांबली असं समजा की,” म्हणून चिडवायच्या. ते म्हणायचे, “आत सरका, आत सरका,” आणि चुलीपाशी येऊन बसायचे.

पडद्याआड त्या पदर तोंडात धरून रडल्या, आणि हिरवी खूण केली.

एप्रिलमध्ये ती पावलं परत आली. उजव्या घोट्यावर सूज होती, पाऊल उचलताना अडखळत होतं. उज्ज्वलाताईंना सूज दिसली होती. दिसली नाही असं त्यांनी स्वतःला सांगितलं. लाल खूण केली तर ही चाल पुसून टाकतील, एवढंच डोक्यात होतं. पुन्हा हिरवी.

जूनमध्ये पावलं खोलीच्या मध्यावर आपणहून थांबली.

“बाई, बोलायची बंदी हाय, मला ठावं हाय. पर एवढं ऐका,” पडद्यापलीकडून आवाज आला. “आमच्या मालकास्नी धा वर्सं दिसत न्हाई. पावलावरनं मला वळखायचे. आता मी घरात आले की ‘कोण हाय?’ म्हणत्यात. मी म्हणते, मीच हाय. तर म्हणत्यात, ‘आवाज तिचा काढू नगंस, पाय तिचं न्हाईत.’ परवा मी वाढलेलं ताट ढकललं ओ त्यांनी. गुडघा दुखतोय त्यो सोसंन मी. ह्ये न्हाई सोसवत.”

एका घरात पाऊल वाजावं म्हणून उज्ज्वलाताई तडफडत होत्या, आणि त्यासाठी दुसऱ्या घरातलं पाऊल त्यांनीच अडवून धरलं होतं.

“एकदाच चालून दाखवा,” नियम मोडून त्या म्हणाल्या. “सावकाश.”

दोन घंट्या. चार पावलं, टेका. चार पावलं, टेका. भिंतीपर्यंत जाऊन ती परत आली. उज्ज्वलाताईंनी डोळे मिटून घेतले होते. मग त्यांनी एक घंटी दिली आणि लाल पेन्सिल उचलली.

संध्याकाळी त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी खुणांचा कागद पुढ्यात ओढला.

“तुमच्या सगळ्याच खुणा बाद कराव्या लागतील ताई. आणि उद्यापासून...”

“येत नाही. एक सांगा, पट्टा लावल्यावर ती चाल कुठं जाते?”

“कुठं जात नाही. पुसली जाते.”

उज्ज्वलाताईंचा चेहरा बघून डॉक्टरांना राहवेना. त्यांच्या तोंडून नको ते निघून गेलं. “एका दात्याच्या पेशी आम्ही एकालाच देत नाही. नऊ जणांना देतो. पण ते कोण, ते मलाही कळत नाही.”

त्या दिवसापासून उज्ज्वलाताई रोज दुपारी स्टँडवर जाऊन बाकावर बसू लागल्या. जगात सगळी माणसं कधी ना कधी स्टँडवर येतात, असं घोरपडे म्हणायचे. त्या तोंडांकडे बघायच्याच नाहीत, पावलांकडे बघायच्या. अजून आठ जण आहेत. एक तरी उतरावा, असं वाटायचं. मग त्या आठ घरांतही कुणी ‘कोण हाय?’ म्हणत असेल, हे आठवून स्वतःचीच लाज वाटायची. तरी दुसऱ्या दिवशी पाय स्टँडकडेच वळायचे.

श्रावणात एकदा जतच्या गाडीतून पायजमा घातलेले दोन पाय उतरले. एक, दोन, तीन, चार. डाव्या टाचेवर टेका. उज्ज्वलाताई धडपडत उठल्या आणि मागं चालू लागल्या. मागं चाहूल लागून तो म्हातारा वळला.

“वहिनी? ओळखलं नाहीत? मी हणमंत लाड. घोरपड्यांच्या बरोबरीनं लागलो होतो डेपोला.”

“तुमचं... हाड बदललंय का?”

“छे हो! अजून ओरिजिनल आहे.” ते मोकळेपणानं हसले. “चालीवरनं विचारताय होय? आम्हा सगळ्याच कंडक्टर लोकांचं असं असतंय. चार पावलं टाकायची नि टेकायचं. आम्ही रिटायर झालो, पायांना कोण सांगणार?”

लाड गेले. उज्ज्वलाताई बाकावर परत येऊन बसल्या. पडद्यापलीकडं चालत होते ते घोरपडेच, की सोलापूरचा, साताऱ्याचा, कुठला तरी कुणी कंडक्टर? चहाचं आधण ठेवून ज्याची वाट बघितली, त्याचं पाऊल एकतीस वर्षं ऐकूनही आपल्याला ओळखता येत नाही? ज्याला दिसत नव्हतं त्या नवऱ्यानं मात्र हे पाऊल बायकोचं नाही, एवढं लगेच ओळखलं होतं.

पुढची गाडी फलाटाला लागली. त्यांनी मान खाली घातली आणि पावलं बघायला सुरुवात केली.